शेवंतीने भातात काय घातलं होतं

आमच्या लालबागच्या चाळीचं मंडळ यंदा स्मरणिका काढणार आहे. सेक्रेटरी परवा घरी येऊन बसला. म्हणाला, "दत्तारामकाका, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी खाऊन अंथरुणाला खिळलेले, आणि तरी मीठभाताची शपथ न मोडलेले तुम्ही एकटेच आता चाळीत उरलात. तुमचा लेख हवाच. एक मेला शालही देऊ."

मी हो म्हणालो. आत माझी बायको शेवंती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. हा विषय निघाला की ती मान वर करत नाही, याला आता साठ वर्षं होत आली.

त्याच आठवड्यात माझी नात गौरी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. बी-ट्वेल्व्ह फारच कमी, डीसुद्धा कमी. हातापायांना मुंग्या येतात म्हणून पोरगी दोन महिने मनातल्या मनात कुढत होती. ऑफिसात मात्र कुणाला सांगायचं नाही म्हणे. "व्हिटॅमिन कमी पडलं हे काय सांगण्यासारखं आहे का आजोबा? आजार म्हणजे कसा, जरा वजनदार हवा."

ती हसली. मला हसू आलं नाही. याच लाजेपायी मी एकदा एक खोटं बोललो आणि ते झाकायला दुसरं. म्हणून आधी खरं काय ते लिहून टाकतो, मग बाकीचं.

मला लाठी लागली नव्हती. मला बेरीबेरी झाला होता. शपथ मी मोडली होती, इस्पितळात, लपून. आणि या दोन्ही खोट्यांची शिक्षा शेवंतीने भोगली. या चाळीत तिच्या हातच्या अन्नावर संशय बसला तो माझ्यामुळे. तो काढायला हा लेख आहे. शाल नको.

शपथ

मुंबई महाराष्ट्राला न देता द्वैभाषिक राज्य आमच्या गळ्यात मारलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला. गाव मालवणाकडे. बाराव्या वर्षी मोठ्या भावाकडे मुंबईत आलो. दादा आणि वहिनीने मला वाढवलं. लग्न झाल्यावर त्यांच्याच शेजारची खोली घेतली. शेवंती तेव्हा वीस वर्षांची होती.

एका रविवारी चाळीच्या पटांगणात सभा भरली. भाषणं झाली आणि मग एकेक जण उठून शपथ घेऊ लागला. मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत एकाने दाढी करायची नाही असं ठरवलं, एकाने विडी सोडली, एकाने वहाणा काढून कोपऱ्यात ठेवल्या. टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. मला दाढी अजून नीट येत नव्हती, विडी मी ओढत नव्हतो. पण गप्प बसवेना. उठलो आणि म्हणालो, "मी मासळी सोडतो."

मालवणी माणूस मासळी सोडतो म्हटल्यावर पटांगण क्षणभर चिडीचूप झालं. मग अशा टाळ्या पडल्या की माझी जीभ पुढे धावली. "आमटी सोडतो! भाजी सोडतो! मीठभातावर राहीन!"

शेजारी माझा मित्र भिकू बसला होता. एकाच खात्यात आम्ही कामाला. तो कानाशी पुटपुटला, "अरे, पाणी तरी ठेव."

वर कठड्याशी शेवंती उभी होती. घरी गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "चाय पितलास का तीपण सोडलास?"

चहा मी सोडला नव्हता. उलट भूक मारायला दिवसातून आठ-आठ कप पीत होतो.

पांढरा भात

व्रत म्हटलं की बघायला माणसं येतात. माझी थाळी बघायलाही येऊ लागली. आमच्या घरी गावाहून आलेले उकडे तांदूळ असायचे, जाडे, लालसर, कोंड्याचा वास असलेले. त्या भाताकडे बघून कुणाला त्यागबिग वाटला नसता. मी शेवंतीला सांगितलं, "हे गावंढळ तांदूळ नकोत. वाण्याकडचे पॉलिशचे आण. चार पाण्यांतून धू. भात वेळून वरचं पाणी काढून टाक. पांढराशुभ्र दिसला पाहिजे."

"वेळलेला पाणी तरी पिया," ती म्हणाली. "गावाक पेज पिऊन माणसां नांगर धरतत."

"हे व्रत आहे की मेजवानी?"

"बैलाक पण कोंडो लागता. तुमका नको?"

ती स्वतः मात्र उकडा भातच खात राहिली आणि माझ्या भाताचं वेळलेलं पाणी चिमूटभर मीठ टाकून पीत राहिली. म्हणजे जे मी टाकायला लावत होतो, त्यातलं सत्त्व तिच्या पोटात जात होतं. हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

एक पाय अनवाणी

तिसऱ्या महिन्यात तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मग आग. चुलीतल्या राखेवर पाय ठेवावा तशी. पोटऱ्यांत गोळे यायचे. साच्यापुढे आठ तास उभं राहून आलो की नडग्या सुजलेल्या असायच्या. दोन मजले चढताना छाती अशी धडधडायची की मध्येच थांबून मी खिशात काहीतरी शोधल्याचं नाटक करायचो.

एके दिवशी गिरणीतून घरी आलो तर शेवंती माझ्या पायांकडे बघतच राहिली. "एक व्हाण खंय गेली?"

एका पायात वहाण नव्हती. कुठे सुटली, मला कळलंही नव्हतं. इतका तो पाय बधिर झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. व्रत बघायला पलीकडच्या चाळीतून चार जण आले होते. भात जरा मळकट दिसत होता. बोटाने चाळवला तर आत कसलंतरी पीठ. मला वाटलं, चार माणसांदेखत माझं व्रत मोडलं. मी थाळी उचलून गॅलरीत भिरकावली आणि ओरडलो, "काय घातलंस भातात? सांग! काय घातलंस?"

सगळ्या मजल्याची दारं उघडली. शेवंती म्हणाली, "काय नाय."

तिला सांगता आलं असतं, की कुळथाचं पीठ आहे. पण त्या चौघांसमोर तसं सांगणं म्हणजे माझी शपथ घरातच मोडली असं कबूल करणं. म्हणून ती 'काय नाय' म्हणाली आणि वाकून शितं गोळा करू लागली. पण मजल्याने दोनच गोष्टी ऐकल्या. नवऱ्याने विचारलं, काय घातलंस, आणि बायकोने सांगितलं नाही.

टमरेल

त्याच आठवड्यात मोर्चा होता. लाठीमार झाला. माणसं पळाली. मला पळताच येईना. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो आणि कुणी मला शिवलंही नाही. लाठी बसली ती भिकूच्या उजव्या मनगटावर.

पुढची गोष्ट लिहायला या वयातही जड जातं, पण सगळं खोटं इथूनच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीच्या संडासात उकिडवा बसलो आणि उठताच येईना. जोर लावला, भिंतीला हात दिले, कडीला लोंबकळलो. मांड्यांनी ऐकलंच नाही. बाहेर टमरेलं घेऊन रांग लागली होती.

"दत्ता, झोपलास काय रे आत?"

"अरे, सभा भरवलीस की काय?"

"शपथ घेतोय वाटतं आणखी एक!"

शेवटी कडी काढली. दोघांनी काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. लेंगा कसाबसा वर. पन्नासेक माणसं बघत होती. कुणीतरी विचारलं, "काय झालं रे?" चोवीस वर्षांचा गडी संडासातून उठू शकत नाही, हे काय सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "कालची लाठी. गुडघ्यावर बसली."

हशा जागच्या जागी थांबला. कुणीतरी घोषणा दिली. मला खांद्यावर घेतलं. भिकू मनगटाला फडकं बांधून रांगेतच उभा होता. त्याने माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

हातोडी

परळच्या इस्पितळात नेईपर्यंत मला धाप लागत होती. खाटेवर आडवं पडलं तरी श्वास पुरत नव्हता. मी मरणार असं मला अगदी शांतपणे वाटलं, आणि सगळ्यात आधी मनात आलं ते एवढंच, की शेवंतीला सांगायचं राहिलं, थाळी फेकायला नको होती.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. मग छोट्या हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं. पाय हलेना. दुसरा पायही नाही. माझे पाय खाटेच्या कडेवरून ओल्या धोतरासारखे लोंबत होते.

"लाठीचा वळ कुठे दिसत नाही," बाई म्हणाल्या.

मी चादर गुडघ्यांवर ओढली.

"जेवणात काय असतं?"

"भात. मीठ. चहा."

"आणि?"

"एवढंच. शपथ आहे."

त्यांनी भाताची चौकशी सुरू केली. कुठला तांदूळ, किती धुता, पाणी काय करता. कोर्टात उलटतपासणी व्हावी तशी. मला वाटलं, या बाईला भाताचं काय पडलंय? शेवटी मीच सांगितलं, "एकदा बायकोने भातात काहीतरी मिसळलं होतं. मी फेकून दिलं."

"काय मिसळलं होतं?"

"कुळथाचं पीठ. मागाहून तिने सांगितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तेच तर तुमचं औषध होतं!"

त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. तांदळाच्या कोंड्यात एक जीवनसत्त्व असतं. उकड्या तांदळात ते दाण्यात मुरून राहतं. पॉलिशमध्ये ते जातं, जे उरतं ते धुण्यात आणि वेळण्यात जातं. ते मिळालं नाही की नसा सुकतात आणि हृदयाला दम लागतो. आजाराचं नाव बेरीबेरी. मी नाव पहिल्यांदाच ऐकत होतो. संध्याकाळी भिकूला सांगितलं तर म्हणाला, "बेरी तर तुपाच्या तळाशी राहते. तू तूप बघितलंस कधी?"

मग आवाज खाली करून त्याने विचारलं, "लाठी माझ्या मनगटावर पडली रे. तुझ्या गुडघ्यावर कशी गेली?"

मी कूस बदलली.

सुई आणि अंडं

पहिलं इंजेक्शन दुपारी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला लघवी लागली ती थांबेचना. बाटलीमागून बाटली. वॉर्डबॉय म्हणाला, "पाव्हण्या, तलाव भरतोस काय?" आणि मी, ज्याला आदल्या दिवशी श्वास घेता येत नव्हता, तो पोट धरून हसलो. हसताना धाप लागली नाही, हे नंतर लक्षात आलं. दोन दिवसांत नडगीची हाडं दिसू लागली. स्वतःच्या पायाची हाडं बघून एवढा आनंद होऊ शकतो, हे कुणाला सांगून पटणार नाही.

इंजेक्शनशिवाय यीस्टच्या गोळ्या होत्या, कडवट, जुन्या पावासारख्या वासाच्या. आणि बाईंनी फर्मावलं, डाळ, अंडं, दूध, कोंड्याची पोळी.

"बाई, शपथ आहे."

"मीही संयुक्त महाराष्ट्रवालीच आहे," त्या म्हणाल्या. "मुंबई मिळाल्यावर शिवाजी पार्कात तुम्हाला पायांवर जायचंय की खांद्यांवरून, तेवढं ठरवा."

मी ठरवलं. पण चोरून. इस्पितळातलं जेवण मी चादर डोक्यावर घेऊन जेवायचो. भिकू दुखऱ्या हाताने गिरणीचा डबा घेऊन यायचा. त्यात उकडलेली अंडी आणि खाली कुळथाची पिठी असायची, कोकम, लसूण आणि खोबरं घातलेली. पहिला घास घेतल्यावर मी ओळखलं. ती शेवंतीच्या हातची होती.

ती स्वतः डबा आणू शकत नव्हती, कारण वहिनीने बंदी घातली होती. थाळी फेकतानाची माझी आरोळी वहिनीने ऐकली होती. "हिच्या हातचं आता एक शीत पोराच्या तोंडात जाणार नाही," असं तिने मजल्यावर जाहीर केलं होतं. वहिनीला मी दोष देत नाही. तिने मला मुलासारखं वाढवलं होतं आणि ती भ्यायली होती. ती रोज स्वतः मीठभाताचा डबा आणायची. तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या पोटात जायचा. शेवंती धुतलेला टॉवेल घेऊन यायची आणि रिकाम्या हाताने पायथ्याशी उभी राहायची.

दहाव्या दिवशी मी उशीला टेकून बसलो होतो. भेटीची वेळ. चाळीतली सात-आठ माणसं आली होती. माझ्या तोंडाला अजून अंड्याचा वास होता. वहिनीने रिकामा डबा उचलला, आत बघितलं आणि सगळ्यांना दाखवला.

"बघा. तोच भात, तसंच मीठ. फक्त हात माझा. आणि दहा दिवसांत पोर उठून बसला. मग घरी याला काय होत होतं?"

कुणी शेवंतीकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, तुझा भात मी खाल्लाच नाही. पण त्या वाक्याबरोबर माझी शपथ गेली असती, लाठी गेली असती, खांद्यावरची मिरवणूक गेली असती. मी उशी सारखी केली. उशीखालून अंड्याचं टरफल घरंगळून खाटेच्या कडेला आलं. ते फक्त शेवंतीला दिसलं. ती पुढे झाली, चादर नीट केल्यासारखं करून तिने टरफल मुठीत घेतलं आणि पदरात लपवलं.

"येतंय मी," एवढं म्हणून ती गेली.

भिकू मागे थांबला. माणसं पांगल्यावर म्हणाला, "तोंड उघड, दत्ता."

"मग शपथेचं काय?"

"शपथ तुझी नि सजा तिची?"

मी तोंड उघडलं नाही.

एक बोट

आता बरं होण्याबद्दल लिहितो, कारण ज्यांचे पाय आज बधिर आहेत त्यांनी हे वाचावं.

सूज दोन दिवसांत उतरली, पण नसांना महिने लागले. घरी आलो तेव्हा भिंत धरून चालत होतो. वहिनीचा डबा येतच होता, पण आमचं खरं जेवण दार लावून चालायचं. उकडा भात, वेळलेलं पाणी न टाकता, कुळीथ, लाल माठ, शेंगदाणे, कधी अंडं. चहा दोन कपांवर आला. गोळ्या तीन महिने. मासळी मात्र खरोखरच बंद राहिली. त्याचं श्रेय मला देऊ नका, तळलेल्या बांगड्याचा वास दार लावून आत राहत नाही.

रोज सकाळी शेवंती मला खोलीच्या मध्यावर उकिडवं बसवायची. "आता उठा." आधी तिचे दोन्ही हात धरून उठायचो. मग एक हात. मग मनगट. मग नुसतं एक बोट. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची, पण बोट पुढे करायला एकदाही चुकली नाही. एका सकाळी तिने बोट पुढे केलं आणि मी ते धरायच्या आत उभा होतो. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मी पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. अकरा वेळा. शेवटी ती म्हणाली, "पुरे, खालच्यांच्या डोक्यावर माती पडता."

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी हातोडी मारली आणि माझा पाय असा उडाला की बाईंच्या हातातला कागद पडला. त्या खळखळून हसल्या. "मिस्टर, लाथ मारलीत मला! फार छान!"

चार महिन्यांनी मी साच्यापुढे उभा राहिलो. आणि ज्या दिवशी महाराष्ट्र झाला, त्या दिवशी लालबागहून शिवाजी पार्कात चालत गेलो, गर्दीत तासन्‌तास उभा राहिलो आणि चालतच परत आलो. तळपायांना फोड आले. ते फोड दुखत होते, म्हणून मी रस्त्यात रडलो. दुखणं कळत होतं ना.

संध्याकाळी पटांगणात वहिनीने तळलेल्या बांगड्याचा पहिला तुकडा सर्वांदेखत माझ्या तोंडात घातला. शपथ पुरी झाली म्हणून हार घातला. शेवंती दाराच्या आड उभी होती. भिकूचं मनगट वाकडंच बसलं होतं, त्याच हाताने तो टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर प्रत्येक समारंभात मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. आणि चाळीच्या प्रत्येक जेवणात शेवंतीने भाजी चिरली, नारळ खवले, भांडी घासली. पण ढवळायचा डाव तिच्या हातात कुणी दिला नाही. पहिल्याच वर्षी सत्यनारायणाच्या जेवणाला तिने डाव उचलला होता. वहिनीने तो हळूच काढून घेतला. "राहू दे गो." पुढे वहिनी गेली, ते माहीत असलेल्या बायकाही गेल्या. पण का ते ठाऊक नसतानाही नव्या सुना तो डाव तिच्यापासून लांब ठेवत आल्या. चालीरीती अशाच पडतात.

भिकू जाऊन बारा वर्षं झाली. त्याचं नाव मी त्याच्या हयातीत घेतलं नाही. लाठी त्याला लागली होती. खुर्ची त्याची होती.

पाच माणसं

हे सगळं लिहून झाल्यावर आधी शेवंतीला वाचून दाखवलं. ती मेथीच निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "थाळी फेकलास तेव्हा चार माणसां नाय, पाच होती."

"पाचवं कोण?"

"माका मोजूक नको?"

मी म्हणालो, "तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मी सांगून काय? तोंड तुमचा होता." मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "वाचा खाली जाऊन. छापून कोण वाचता आजकाल?"

म्हणून गेल्या रविवारी मंडळाच्या बैठकीत मी हे उभं राहून वाचलं. शपथ घेतली होती त्याच पटांगणात. संडासाच्या प्रसंगाला पोरं हसली. टरफलाच्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. सेक्रेटरी शालीच्या पिशवीकडे बघत बसला. तिसऱ्या रांगेत भिकूचा मुलगा होता, साठीचा. तो उठला, वडिलांसारखाच कमी बोलणारा, आणि नुसता माझा हात धरून उभा राहिला. गौरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझं बी-ट्वेल्व्ह कमी आहे. इंजेक्शनं चालू आहेत." लगेच मागून दोन बायका म्हणाल्या, "माझंही." एक तरुण म्हणाला, "पायाला मुंग्या येतात, कुठल्या डॉक्टरकडे जायचं?" मी सांगितलं, लाजू नका, अंदाजाने गोळ्याही घेऊ नका, आधी रक्त तपासा. आणि घरातलं माणूस ताटात काही घालत असेल, तर फेकायच्या आधी विचारा.

मग वहिनीची सून मंगल उठली. वहिनीच्या जागी आता तीच स्वयंपाकाचं बघते. ती शेवंतीपुढे जाऊन उभी राहिली. "काकी, एक मेच्या जेवणाला कुळथाची पिठी कराल?"

शेवंतीने विचारलं, "किती माणसां?"

"दोनशे."

"ढवळूचा तुमी. माझे खांदे गेले." मग मान वर करून, सगळ्यांकडे बघून ती म्हणाली, "मीठ मात्र मी घालतलंय."

काल एक मे झाला. छापखान्याने एवढा शेवटचा परिच्छेद जोडायला वेळ दिला आहे. पटांगणात तीन मोठी पातेली चढली होती. मंगल ढवळत होती. शेवंती खुर्चीवरून उठली, डाव हातात घेतला, पिठीची चव घेतली, डोळे मिटून क्षणभर थांबली. शेजारी डबे, वाट्या, पुड्या मांडलेल्या होत्या. तिने त्यांतून एक मूठ भरली, दोनशे माणसांदेखत पातेल्यात सोडली, मग आणखी एक चिमूट. कुणीही विचारलं नाही, काय घातलंत. सगळी ताटं घेऊन रांगेत उभी होती. मी खाली मांडी घालून बसलो, पोटभर जेवलो, पिठी तीनदा मागून घेतली, आणि जेवण झाल्यावर हात न टेकता उठायला गेलो. ब्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना ते जमलं नाही. शेवंतीने एक बोट पुढे केलं.